कोरियन नाव कसं वाचायचं आणि हाक कशी मारायची

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कोरियन नावात आडनाव पहिलं येतं. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर नाही का 'पाटील सुनील रामचंद्र' असायचं, तसंच, फक्त वडिलांचं नाव नसतं. म्हणजे सिनेदिग्दर्शक बॉन्ग जून-हो मध्ये बॉन्ग हे आडनाव, आणि संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बान की-मून, त्यांना 'मून साहेब' म्हणू नका प्लीज, ते बान साहेब.

कोरियन लिपीत एक अक्षर म्हणजे एक चौकोनी ठोकळा. बहुतेक नावात असे तीन ठोकळे, पहिला आडनावाचा, उरलेले दोन मिळून एकच नाव, ते तोडायचं नाही. फुटबॉलपटू सन ह्युंग-मिन मधलं ह्युंग हे 'मिडल नेम' नाहीये. पण 2024 चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हान कांग बघा, तिथे दोनच ठोकळे, हान आडनाव आणि कांग नाव, आणि हेच दोन ठोकळे सोलमधून वाहणाऱ्या हान नदीचं पण नाव आहेत, मला हे फार आवडतं. उलट अभिनेता नामगुंग मिन, त्याचं नामगुंग हे अख्खं दोन ठोकळ्यांचं आडनाव.

इंग्रजी स्पेलिंगवर अजिबात जाऊ नका. 16व्या शतकातले आरमारप्रमुख यी सुन-शिन, दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री (हे इंग्रजी पद्धतीने, आडनाव शेवटी) आणि अभिनेता ली ब्युंग-हुन, तिघांचं आडनाव एकच, आणि दक्षिण कोरियात त्याचा उच्चार नुसता 'ई'! पार्क मध्ये र नाहीच, 'पाक' च्या जवळ जातं. चोई म्हणजे 'च्वे'.

2015 च्या जनगणनेत दर पाचात एक माणूस किम निघाला, मग ओळखायचं कसं, तर प्रत्येक किमचं मूळ गाव असतं, गिम्हेचे किम वेगळे, ग्यॉन्गजूचे वेगळे. आपल्या गोत्रासारखंच, मूळ गाव आणि आडनाव दोन्ही एक असेल तर लग्न कायद्याने बंद होतं, 1997 ला तिथल्या घटना न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली. आणि लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत.

आता हाक. आपल्या 'जी' सारखं तिथे 'शी' लावतात, पण ते नावाला लावा किंवा पूर्ण नावाला, नुसत्या आडनावाला लावून 'किम-शी' म्हटलं की समोरच्याला तो अपमान वाटतो. किम युनाला युना-शी म्हणणं बरोबर. घट्ट मैत्री असेल किंवा समोरचा लहान असेल तर शेवटी स्वर असल्यास 'या', व्यंजन असल्यास 'आ', म्हणजे युना-या, ह्युंगमिन-आ. मोठ्यांना मात्र नुसतं नाव घेऊन हाक मारतच नाहीत, आपल्या ताई-दादासारखं, बोलणारी मुलगी असेल तर ऑन्नी आणि ओप्पा, मुलगा असेल तर नूना आणि ह्यॉन्ग.

पुढच्या वेळी कोरियन सिरीयल बघताना कान देऊन ऐका, दहा भाग 'शी' 'शी' करणारा हिरो एका रात्री पायऱ्यांवर बसून हिरोइनच्या नावाला पहिल्यांदा 'या' लावतो ना, सबटायटलमध्ये तिथे फक्त तिचं नाव येतं.