नागपुरात नीट राहण्यासाठी किती उत्पन्न हवे, याचा हिशेब कसा मांडावा

घराला महिन्याला किती पैसे लागतात असे विचारले, की बहुतेक जण मागच्या महिन्याचा खर्च सांगतात. हिशेबाची सुरुवात तेथून करू नये. कमाई अपुरी असली की वरण पातळ होते, दातदुखी अंगावर काढली जाते, मुलीची सहल राहून जाते. त्यामुळे झालेला खर्च गरजेपेक्षा कमीच दिसतो. म्हणून आधी गरजा लिहाव्यात आणि मग त्यांच्यापुढे किंमत मांडावी.

यासाठी सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या भारतीय श्रम परिषदेच्या १५व्या अधिवेशनाने १९५७ मध्ये किमान वेतनाकरिता ठरवलेली चौकट आजही उपयोगी आहे. तीत पुरुषाला १, स्त्रीला ०.८ आणि दोन मुलांना प्रत्येकी ०.६ असे ३ उपभोग घटक (एका प्रौढ पुरुषाची गरज म्हणजे १ घटक) धरून प्रत्येक घटकाला रोज २७०० कॅलरींचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, तसेच इंधन, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी वेतनाचे २० टक्के धरले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. म्हणजे अन्न, कापड व भाडे यांची बेरीज एकूण रकमेच्या ५५ टक्के होते. समजा ती १६,५०० रुपये आली, तर ०.५५ ने भागून ३०,००० रुपये मिळतात. आईवडील सोबत राहत असतील तर त्यांचे घटक वाढवावेत. स्त्रीचा घटक मात्र पूर्ण १ धरावा. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या ताटात कमी वाढणे मला मान्य नाही.

भाव आपल्या नेहमीच्या दुकानातले व दारावरच्या ठेल्यावरचे घ्यावेत, कॉटन मार्केट या भाजीबाजारातले ठोक भाव नव्हेत. रेशनचे धान्य मिळत असेल तर तेवढे वजा करावे.

नागपुरात इंधन-दिवाबत्तीचे २० टक्के उन्हाळ्यात पुरत नाहीत. पारा ४५ अंशांकडे सरकला की कूलर ही चैन राहत नाही. तो रात्रंदिवस चालतो, विजेचा वापर वरच्या टप्प्यात जातो आणि वाढीव युनिटांना दरही चढा लागतो. कूलरचे गवत व पंप, वर्षाचे गहू-तूर-तिखट भरणे आणि जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडताना लागणारी फी व वह्या-पुस्तके हे सारे त्याच चार महिन्यांत येते. धान्य-तिखट अन्नात आधीच धरले आहे; २० आणि २५ टक्क्यांत येणाऱ्या बाकी बाबींचा बाराही महिन्यांचा खर्च लिहून त्याला १२ ने भागावे, आणि त्या टक्क्यांच्या रकमेपेक्षा तो जास्त भरला तर तोच धरावा.

शेवटी या आकड्याशी हातात येणारे उत्पन्न ताडून पाहावे, तेही कर्जाचे हप्ते वजा करून. रोजंदारीच्या घराने चांगल्या महिन्याची कमाई धरू नये. उन्हामुळे आणि पावसामुळे काम बंद राहिलेल्या दिवसांसह पूर्ण वर्षाची मिळकत १२ ने भागावी.