घरखर्चाची वही महिन्याची नको, वर्षाची

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून पहिल्या वर्षात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पगार चांगला आहे हो, पण जातो कुठे तेच कळत नाही." याचं उत्तर उधळपट्टीत सहसा सापडत नाही. पुण्या-मुंबईत किंवा नाशकात घरखर्चाचा बराचसा भाग महिन्याच्या चक्रात बसतो. किराणा, दूध, बाईंचा पगार, शाळेची बस, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं एक ते तीस तारखेच्या आत. इथे खर्चाचा मोठा भाग बँकेतून परस्पर वळता होतो. काही महिन्याला, काही तिमाहीला, काही वर्षातून एकदाच. महिन्याची वही कितीही नेटकी लिहिली, तरी ती तुम्हाला खरं चित्र दाखवत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात बारा रकान्यांची, अख्ख्या वर्षाची वही सुरू करा आणि ती नवरा-बायको दोघांनी मिळून लिहा.

आधी हातात किती येतं ते पाहू. करारावरचा आकडा ब्रूटो असतो, खात्यात पडतो तो नेटो. मधून कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारी विमा आणि शुश्रूषा विमा कापला जातो. इथे नव्या जोडप्यांचं सगळ्यात जास्त नुकसान श्टॉयरक्लासेमुळे, म्हणजे करवर्गामुळे होतं. एक जण आधी आला आणि दुसरा भारतातच असेल, तर पगार वर्ग १ मध्ये कापला जातो. जोडीदार आल्यावर नगरपालिकेत नोंदणी करताना विवाह नोंदणीचा दाखला जर्मन भाषांतरासह सोबत न्या. तुमची विवाहित म्हणून नोंद झाली नाही, तर महिनोनमहिने वर्ग १ चालू राहतो आणि कुणी आपणहून सांगायला येत नाही. नोंद झाली की दोघांना वर्ग ४ मिळतो. एकच जण कमावत असेल तर अर्ज करून ३ आणि ५ घेता येतो आणि दर महिन्याला हातात येणारी रक्कम चांगलीच वाढते. ३-५ घेतल्यावर दोघांनाही पगार मिळत असेल, तर मात्र वार्षिक विवरणपत्र भरणं बंधनकारक होतं.

दोघंही कमावते असाल तर ३-५ घेण्याआधी थांबून विचार करा. वर्षाचा एकूण कर तेवढाच राहतो, फक्त महिन्याची वाटणी बदलते. पण एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळंतपणानंतर मिळणारा भत्ता, तो घेणाऱ्याच्या, बहुतेकदा आईच्या, नेटो पगारावर ठरतो. ती वर्ग ५ मध्ये असेल तर तिचा नेटो कमी दिसतो आणि भत्ताही कमी मिळतो. मूल हवं असेल तर वर्गाचा निर्णय खूप आधी घ्यावा लागतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बदलून उपयोग होत नाही. हा हिशेब घरात उघडपणे मांडला गेला पाहिजे. "आत्ता हातात जास्त येतंय ना" एवढ्यावर तो सोडू नका.

आता घरभाडं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेली काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. त्यात नेबेनकोस्टन, म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग मिळवलं की वार्ममीटे होते. वीज आणि इंटरनेट सहसा त्याही बाहेर. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढं घेता येतं आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिलेला आहे. नव्याने आलेल्यांना हे माहीत नसतं आणि ते सगळी जमापुंजी पहिल्याच दिवशी मोकळी करून बसतात. दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. इथली कितीतरी घरं ओट्याशिवाय, सिंकशिवाय, नुसत्या नळाच्या तोटीसकट मिळतात. आधीच्या भाडेकरूचं किचन विकत घ्यायचं की नवीन बसवायचं, हा काही हजार युरोंचा प्रश्न असू शकतो. घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराचं दार आधी उघडा.

नेबेनकोस्टनपोटी दर महिन्याला तुम्ही भरता तो फक्त अंदाज असतो. प्रत्यक्ष किती खर्च झाला याचा ताळा वर्षातून एकदा लागतो आणि तो कागद यायला वेळ लागतो. हिशेबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत घरमालकाने तो पाठवायचा असतो. म्हणजे मागच्या वर्षीच्या जानेवारीत खोल्या तापवल्या, त्याचं बिल यंदाच्या डिसेंबरातही येऊ शकतं. लहान मूल आहे म्हणून हीटर रात्रंदिवस पाचवर ठेवणाऱ्या घरांना तो आकडा चांगलाच जड जातो. कागद आला की लगेच घाबरून पैसे भरू नका. मीटरचे आकडे, घराचं क्षेत्रफळ, राहिलेले महिने तपासा. हरकत घेण्यासाठी तुमच्याकडेही बारा महिने असतात.

विजेचंही तसंच. घरात पाऊल टाकल्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. मीटरचा नंबर आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत, सोबत घरमालकाची किंवा एजंटची सही असलेला ताबापत्राचा कागद जपून ठेवा. तुम्ही कुठलीच कंपनी निवडली नाही, तर त्या भागातल्या मूळ पुरवठादाराकडे आपोआप खातं सुरू होतं आणि तो दर बहुतेक वेळा महाग असतो. सुदैवाने त्यातून दोन आठवड्यांची सूचना देऊन बाहेर पडता येतं. मासिक हप्ता, ज्याला इथे आबश्लाग म्हणतात, तो सुरुवातीला बहुतेकदा माणसांच्या संख्येवरून ठरतो. आपल्याकडे रोज कुकर, पोळ्या, वर दिवाळीत ओव्हनमध्ये चार घाणे. त्यामुळे इलेक्ट्रिक शेगडी असलेल्या मराठी घरात तो अंदाज तोकडा पडतो. दर महिन्याच्या एक तारखेला मीटर बघून आकडा वहीत लिहिला, तर वर्षअखेरीस किती भरावं लागेल ते आधीच समजतं.

मग येतो रुंडफुंकबाइट्राग, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क. घरात टीव्ही असो वा नसो, दरमहा १८.३६ युरो, पण साधारणपणे तीन महिन्यांचे मिळून ५५.०८ एकदम घेतले जातात. शुल्क घराला आहे, माणसाला नाही. तरी नगरपालिकेत नोंद झाली की नवरा-बायको दोघांच्या नावाने वेगवेगळी पत्रं येतात. एकाने भरायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याच्या पत्राला पहिल्याचा या शुल्काचा खातेक्रमांक (बँकेचा नव्हे) लिहून उत्तर द्यायचं. दुसरं पत्र कचऱ्यात टाकलं तर दुप्पट मागणी सुरू होते.

आता ती वही. एक आडवं पान घ्या, वर जानेवारी ते डिसेंबर. डावीकडे फक्त ते खर्च लिहा जे दर महिन्याला येत नाहीत. समजा तिघांचं कुटुंब आहे. रेडिओचं शुल्क वर्षाचे २२०. गाडी असेल तर तिचा विमा ६०० धरा, तो बहुतेकदा जानेवारीत एकरकमी जातो. नेबेनकोस्टनच्या फरकासाठी ४००. मुलाचे हिवाळी बूट, जाड जॅकेट आणि शाळेची सहल मिळून ५००. भारतवारीची तीन तिकिटं २,४०० आणि तिथे नेण्याच्या भेटवस्तू, तिथला प्रवास, लग्नकार्यातला आहेर असे ८००. बेरीज ४,९२०. बाराने भागलं की ४१० युरो. म्हणजे दर महिन्याच्या शेवटी खात्यात जे शिल्लक दिसतं, त्यातले चारशे दहा युरो तुमचे नाहीतच, ते पुढच्या कुठल्या तरी महिन्याचे आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा भागाकार एकदा करून बघाच. तेवढी रक्कम टागेसगेल्ड खात्यात, म्हणजे व्याज देणाऱ्या आणि कधीही काढता येणाऱ्या बचत खात्यात, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा. शिल्लक उरली तर टाकू असं म्हणाल तर ती उरत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचं मला पुढचं वाटतं. आपल्याकडची पुष्कळ जोडपी इथे अशी येतात, की एकाची नोकरी आणि दुसरी व्यक्ती जोडीदाराच्या व्हिसावर. बहुतेकदा ती बायको असते आणि तिकडे स्वतः कमावणारी असते. खातं त्याच्या नावावर, ॲप त्याच्या फोनमध्ये, पत्रं जर्मनमध्ये. तिच्या हाती किराण्यापुरतं कार्ड. कुणाचा हेतू वाईट नसतो, पण सहा महिन्यांत घरातला एक माणूस पैशांच्या बाबतीत पाहुण्यासारखा होऊन जातो. दहा युरोंच्या पुस्तकासाठी विचारावं लागतं, हे शिकल्यासवरल्या बाईला फार लागतं. कृपा करून पहिल्याच महिन्यात संयुक्त खातं उघडा आणि दोन्ही फोनमध्ये ॲप घाला. शिवाय दोघांनाही दरमहा थोडी सारखी रक्कम अशी ठेवा, जिचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. रविवारी इथे दुकानं बंदच असतात. महिन्यातल्या एका रविवारी चहा घेऊन दोघांनी खात्याच्या नोंदी वरून खाली वाचाव्यात. ओळखीची नसलेली लास्टश्रिफ्ट, म्हणजे परस्पर वळती झालेली रक्कम दिसली, तर आठ आठवड्यांच्या आत ती कारण न देता बँकेकडून परत मागता येते. मात्र देणं खरंच असेल तर ते तसंच उभं राहतं आणि वर दंड चढतो, म्हणून आधी पत्रांची फाइल बघा.

किराण्याचं थोडक्यात सांगते. इंडियन स्टोअरमध्ये महिन्यातून एकदाच जा, यादी करून, आणि भूक लागलेली असताना जाऊ नका. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, गोडा मसाला, कोकम यासाठी तेच दुकान. कोथिंबिरीच्या भल्यामोठ्या जुड्या, भेंडी, हिरव्या मिरच्या, मसूर, छोले तुर्की दुकानात ताजे आणि स्वस्त मिळतात. दूध, दही, लोणी, बटाटे, कांदे आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटांत. पाण्याच्या आणि सरबताच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, त्या साठवून परत करा. आणि दर वस्तूचे रुपये करणं लवकर सोडा. वीस युरोंच्या केस कापण्याचे दोन हजार रुपये होतात हे खरं, पण तुम्ही कमावता युरोत. आपल्या तासाभराच्या नेटो कमाईत ती गोष्ट किती बसते, हे बघणं जास्त कामाचं.

मुलं असतील तर किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज लगेच करा. २०२६ पासून ते प्रत्येक मुलामागे दरमहा २५९ युरो आहे. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात, त्याआधीचे बुडतात. किटाची, म्हणजे पाळणाघर-बालवाडीची, फी गावोगावी वेगळी असते, बर्लिनमध्ये तर ती माफ आहे आणि जेवणाचेच पैसे पडतात. दुसऱ्या गावातली नोकरी स्वीकारण्याआधी तिथली फी विचारून घ्या. मूल शाळेत जायला लागलं की इथल्या घरांसारखा त्याला आठवड्याला एखाद-दोन युरो खाऊचा पैसा द्या. त्याने तो कसाही खर्च केला तरी मध्ये बोलू नका. सातआठ वर्षांची मुलं यातून फार पटकन शहाणी होतात.

विम्याच्या बाबतीत सावध राहा. खासगी हाफ्टप्फ्लिश्ट, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, नक्की घ्या. सगळ्या कुटुंबाला मिळून तो वर्षाला शंभर युरोंच्या आसपास पडतो. बाकी जे काही कुणी गोड बोलून विकायला येईल, त्यावर पहिल्या वर्षी सही करू नका, मग तो माणूस मराठी बोलत असला तरी. खासगी आरोग्यविमा एकट्याला स्वस्त दिसतो. सरकारी व्यवस्थेत न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय सामील होतात, खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. आणि तिथून परत येणं अवघड असतं, ५५ वर्षांनंतर जवळजवळ अशक्य.

भारतातला गृहकर्जाचा हप्ता, आई-वडिलांना पाठवायचे पैसे हे दरमहाचे खर्च असले तरी वहीत सगळ्यात वर लिहा, उरल्यासुरल्यातून नको. विनिमय दर हलतो, त्यामुळे हप्त्याच्या दीडपट रक्कम भारतातल्या खात्यात कायम असू द्या. तिकडचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, करून घेणं आवश्यक आहे. तिथल्या ठेवींचं आणि भाड्याचं उत्पन्नही इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, भारतात ते करमुक्त असलं तरी.

विवरणपत्र ज्यांना बंधनकारक आहे त्यांची मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत, ज्यांना नाही त्यांना चार वर्षं मिळतात. बंधन नसलं तरी भरा. वर्षाच्या मध्यात आलेल्यांना बऱ्याचदा चांगली रक्कम परत मिळते, कारण पगारातून कर कापताना तुम्ही बाराही महिने कमावता असं धरलेलं असतं. नोकरीसाठी सामान हलवल्याचा खर्च, कामाला जाण्या-येण्याचं अंतर, कामासाठी घेतलेला लॅपटॉप यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. मुलाच्या सांभाळाच्या खर्चापैकी ८० टक्के, प्रत्येक मुलामागे वर्षाला ४,८०० युरोंपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा होतो. पण त्यासाठी पैसे बँकेतून गेलेले असावे लागतात. तेव्हा मूल सांभाळणाऱ्या ताईंना रोख न देता खात्यावर पाठवा आणि त्यांच्याकडून दर महिन्याचं बिल मागून घ्या.