रंगकामात या चुका टाळा: पोळ्याच्या बैलापासून आखाजीच्या घागरीपर्यंत

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खान्देशातल्या पुष्कळ घरांत एकच प्रसंग घडतो. मुलाने दोन दिवस खपून केलेला मातीचा बैल रंगवायला म्हणून उचलावा, तर बैल हातात येतो आणि त्याचा एक पाय पाटावरच उभा राहतो. माझ्या घरी हे लागोपाठ दोन वर्षे झाले आणि दोन्ही वेळा मी मुलीच्या घाईला बोल लावला. पुढे सुट्टीत गल्लीतल्या दहा-बारा मुलांना घेऊन बसू लागल्यावर लक्षात आले, की अशा वेळी मुलांच्या हाताचा दोष फार थोडा असतो. मातीत, कागदात किंवा रंगात पाणी किती गेले आणि ते बाहेर कसे पडले, इकडे मोठ्यांनीच पाहिलेले नसते. वैशाखात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या आणि श्रावणात दोन-दोन दिवस कपडे न वाळणाऱ्या आपल्या भागात तर बारा महिने एकच पद्धत चालवून घेता येत नाही.

काळ्या मातीचा बैल

पहिली चूक मातीच्या निवडीतच होते. तापी आणि गिरणेच्या काठची काळी माती कपाशीला आणि केळीला कितीही मानवत असली, तरी एकटीने मूर्तीला चालत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या, काठी सहज आत जाईल एवढ्या भेगा आपण पाहतोच. तीच भेग लहान रूपात बैलाच्या पाठीवर उतरते. यावर उपाय साधा आहे. चार वाट्या चाळलेल्या मातीत एक वाटी बारीक वाळू घालावी आणि मूठभर कापूस हाताने पिंजून, त्याचे तंतू सुटे करून मळताना मिसळावेत. कापसाचा गोळा तसाच राहिला तर तिथेच माती पोकळ होते, म्हणून पिंजण्याचे काम मुलांकडे द्यावे. ते त्यांना मनापासून आवडते. जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतींवर जो मातीचा गिलावा आहे, त्यातही भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, आणि त्यामागचे कारणही हेच आहे: तंतू मातीला धरून ठेवतात.

दुसरी चूक जोडणीची. पाय, शिंगे आणि वशिंड वेगळे करून नुसते दाबून चिकटवले, की ते वाळल्यावर सुटतातच. जिथे जोड द्यायचा तिथे दोन्ही बाजूंना खराट्याच्या काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, त्याच मातीचा दह्याइतका पातळ राडा करून लावावा आणि मग दाबून सांधा बोटाने पुसून एकजीव करावा. शक्य असल्यास पाय वेगळे करूच नयेत. मातीच्या एकाच लांबट गोळ्याची दोन्ही टोके चिरून त्यांतून चार पाय काढले, तर सांध्याचा प्रश्नच उरत नाही. शिंगांच्या आत मात्र खराट्याची काडी घालावी.

तिसरी चूक सर्वांत जास्त घरांत होते आणि ती उन्हाची आहे. श्रावणात ऊन पडले, की त्याचा फायदा घ्यावा म्हणून बैल गच्चीवर ठेवला जातो. बारीक पाय तासाभरात वाळून आकसतात, जाड पोट आतून ओलेच राहते, आणि या दोघांच्या ओढाताणीत पाय पोटापासून तुटतो. बैल सावलीत ठेवावा, पहिला दिवस त्यावर ओलसर फडके टाकावे आणि पोटाखालून पेन्सिलीने एक खोल भोक पाडावे, म्हणजे आतल्या ओलाव्याला वाट मिळते. पावसाळी हवेत पाच दिवस तरी धरावेत. म्हणजेच अमावास्येच्या आदल्या आठवड्यातच कामाला लागावे. बैल वाळला की नाही हे ओळखण्यासाठी तो गालाला लावून पाहावा. गार लागला तर आत अजून पाणी आहे, आणि अशा बैलावर रंग चढवला तर तो पापडासारखा सुटून येतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनीसुद्धा गिलावा वाळल्यानंतरच त्यावर चित्रे काढली.

भेग पडलीच, तर त्यात ओली माती भरू नये. ती वाळताना पुन्हा आकसून खपलीसारखी निघून येते. कोरड्या मातीची वस्त्रगाळ पूड फेव्हिकॉलमध्ये घट्ट कालवून ती भेगेत दाबावी आणि वाळल्यावर सँडपेपर फिरवावा.

रंगवताना कच्च्या मातीवर थेट जलरंगाचा ब्रश टेकवला, की माती विरघळून रंगात येते आणि पांढरा बैल राखाडी होतो. त्यासाठी एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असा हात आधी मारावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच रंग लावावा. पूजेनंतर बैल पाण्यात विरघळवायचा असेल, तर फेव्हिकॉल आणि ॲक्रिलिक दोन्ही टाळून गेरू आणि चुनाच वापरावा. रंग फिका दिसेल, पण बादलीत माती सुटी होईल. चकाकीसाठी वरून व्हार्निश मारण्याचा मोह अनेकांना होतो. ते रंग अर्धवट वाळलेला असताना मारले तर पांढुरके डाग पडतात, आणि कालांतराने ते पिवळे पडते हे वेगळेच. हैदराबाद संस्थानाने १९२० च्या सुमारास इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर संरक्षणासाठी लाखेचा थर दिला होता, तोही पुढे पिवळा पडून मूळ रंग झाकोळले. मातीच्या बैलाला त्याची मुळीच गरज नाही.

एक चूक मात्र केवळ बिघाडाची नाही, धोक्याची आहे. खऱ्या बैलाची शिंगे रंगवून उरलेला ऑइलपेंट मुलांच्या हाती देऊ नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण कोठारात किंवा गोठ्याच्या फळीवर पडून असलेला डबा त्यापूर्वीचा किंवा यंत्रांना लावायच्या रंगाचा असू शकतो. शिवाय तो हातावरून काढायला थिनर लागतो. लाल रंग म्हणून वापरला जाणारा खरा हिंगूळसुद्धा पारा आणि गंधक यांचे संयुग आहे. जुन्या डबीतला हिंगूळ मुलांपासून लांबच असावा. लहानांसाठी पाण्याने धुऊन जाणारे रंगच योग्य होत.

येथे रंगाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या बैठकीत एका मुलाने बैल तांबडा रंगवून त्यावर पांढरे शिंतोडे दिले, तेव्हा मी त्याला पोळ्याचा बैल पांढरा असतो असे सांगून ब्रश मागितला. तो शांतपणे म्हणाला, "आमना बैल तांबडा शे." त्याच्या घरी निमाडी जातीची जोडी होती आणि निमाडी बैल तसाच, तांबडा आणि पांढऱ्या चट्ट्यांचा असतो. मी ब्रश परत केला. मुलाच्या चित्रावर मोठ्याने फिरवलेला ब्रश हा सगळ्यात न सुधारता येणारा बिघाड, असे तेव्हापासून माझे मत आहे.

केळीचा खांब, भेंडी आणि कागद

रावेर-यावलकडे केळीचा घड कापल्यावर खांब बांधावर पडून असतो. त्याची आडवी चकती रंगात बुडवून उमटवली, की जाळीदार ठसा मिळतो. भेंडीची चकती पाच पाकळ्यांच्या फुलासारखी उमटते. हे काम सोपे दिसते, पण ठसा उमटण्याऐवजी कागदावर नुसता रंगीत चिखल झाल्याची तक्रार नेहमी येते. केळीच्या खांबात पाणी भरपूर असते आणि ते रंगात उतरते. चकती कापल्यावर कापलेली बाजू खाली करून रद्दी वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवावी, वर्तमानपत्र एकदा बदलावे, आणि रंग ताटलीत ओतण्याऐवजी पातळ स्पंजावर पसरून त्यावर चकती टेकवावी. चकती कागदावर सरळ ठेवून सरळच उचलायची असते. मुले ती फिरवतात, तेव्हा पहिले दोन-चार ठसे रद्दीवरच करू द्यावेत.

केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर काळा-तपकिरी पडतो आणि साबणाने जात नाही, हे केळीपट्ट्यात वाढलेल्यांना सांगायला नको; शहरातल्या आईबाबांना मात्र ते शाळेच्या गणवेशावर डाग पडल्यावरच कळते. जुने कपडे घालावेत आणि चकत्या मोठ्यांनीच कापाव्यात.

कागदाच्या बाबतीत झेरॉक्सचा कागद वापरणे ही सार्वत्रिक चूक आहे. तो साधारण ७५ ते ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो. पाणी लागले की त्याचे तंतू फुगतात आणि कागद लाटेसारखा उठतो. जलरंगासाठी किमान १५० जीएसएमचा ड्रॉइंग पेपर घ्यावा. कागद वाकडा झालाच, तर चित्र पूर्ण वाळल्यावर मागच्या बाजूने ओला बोळा हलकेच फिरवून, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबावा. उन्हाळ्यात कूलरसमोर बसून चित्र काढणाऱ्यांचा कागद पाणी न सांडताही नरम पडतो, कारण कूलरची हवा दमट असते. चटई थोडी बाजूला सरकवावी, एवढेच.

दिवाळीची पणती आणि संक्रांतीचा पतंग

पणती रंगवताना क्रम चुकतो. नवी पणती तेल पिऊ नये म्हणून ती काही तास पाण्यात भिजवण्याची आपली रीत आहे, आणि तशीच ओली पणती मुलांना रंगवायला दिली जाते. दोन दिवसांनी रंगाला फोड येतात. भिजवलेली पणती आधी पूर्ण वाळवावी. गेल्या वर्षीची, तेल मुरलेली पणती तर रंग धरतच नाही. ती रंगवण्याच्या भानगडीत पडू नये. रंग फक्त बाहेरून द्यावा आणि जिथे वात टेकते ते टोक कोरेच ठेवावे, कारण ॲक्रिलिक रंग वाळल्यावर प्लास्टिकचा पापुद्राच असतो आणि ज्योतीजवळ तो करपतो. आत तेल घातले, की काही तासांत ते पाझरून बाहेरच्या रंगाखाली येते, म्हणून नक्षीची पणती ठेवायचीच असेल, तर तिच्यात धातूच्या वाटीतली छोटी मेणबत्ती ठेवावी.

पतंगाचा कागद ओल्या ब्रशने फाटतो आणि एकाच बाजूला रंग जास्त झाला, तर पतंग त्याच बाजूला कलतो. स्केचपेनने दोन्ही पंखांवर सारखीच नक्षी काढावी.

पळसाचे पाणी

होळीच्या सुमारास सातपुड्याच्या उतारावर पळस फुलतो आणि त्या फुलांचा रंग करण्याची हौस दरवर्षी नव्याने येते. निराशाही दरवर्षी येते, कारण फुले दिसतात भगवी-लाल आणि पाणी मात्र पिवळसर केशरी होते. हा बिघाड नव्हे, रंगच तसा आहे. फुले रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर उकळावीत. लोखंडी कढई वापरली, तर रंग काळवंडतो. स्टीलचे पातेले घ्यावे. अर्ध्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा चुना मोठ्यांनी टाकावा, म्हणजे केशरी छटा गडद होते आणि एकाच फुलापासून दोन रंग मिळाल्याचे मुलांना नवल वाटते. चुना टाकलेले पाणी मात्र अंगावर उडवण्यासाठी नव्हे, कागदासाठी ठेवावे. हळदीच्या पाण्यातही चुना पडला, की ते लाल होते. कुंकू तसेच बनते. हळदीने आणि पळसाने रंगवलेला कागद खिडकीत लावला, तर उन्हाने विटतो. उरलेले पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नये. फाल्गुनाच्या उष्म्यात ते आंबते, आणि आमच्याकडे तिसऱ्या दिवशी झाकण उडून स्वयंपाकघराची भिंत केशरी झाली, ती आजही तशीच आहे.

आखाजीची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने भरायची घागर मुलींनी रंगवावी, ही कल्पना चांगली आहे. पण ती पूर्ण ॲक्रिलिकने रंगवली, की दोन तक्रारी येतात. ब्रश मातीवर अडखळतो आणि रेघ तुटते, कारण भाजलेली माती ब्रशातले पाणी तत्काळ ओढून घेते. घागरीवर आधी ओले फडके फिरवले, तर ब्रश सरळ जातो. दुसरी तक्रार पाणी गार होत नसल्याची. घागरीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर वाऱ्यावर वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. ती छिद्रेच रंगाने बुजवली, तर घागर आणि स्टीलची कळशी यांत फरक काय राहिला? रंग फक्त गळ्याला, तोही गेरू-चुन्याचा द्यावा आणि पोट मोकळे सोडावे. आत रंग लावू नये.

वैशाखात हे काम सकाळी नऊच्या आत उरकावे. त्यानंतर ताटलीतला रंग मुलाने ब्रश बुडवून दुसरीकडे पाहीपर्यंत साय धरतो आणि मोठी माणसे त्यात पाणी ओतत राहतात. तो इतका पातळ होतो, की घागरीवरून ओघळ येतात. ताटलीत एका वेळी चमचाभरच रंग काढावा आणि उरलेल्यावर ओले फडके झाकावे. ओघळ आलाच, तर तो ओला असताना पुसू नये, पसरतो. वाळू द्यावा आणि मग सँडपेपरने खरवडावा, किंवा त्याच ओघळाला पाने काढून वेल करावी. आमच्याकडच्या मुली दुसरा मार्ग पत्करतात, आणि गेल्या आखाजीच्या घागरीवर निम्म्याहून अधिक वेली अशाच आलेल्या आहेत.