गिनी पिग आजारी पडलाय? निदान या चुका तरी टाळा

मी कोपरखैरणेला राहते. घरात गेली अकरा वर्षं गिनी पिग आहेत. आधी दोन होते, मग पाच झाले, सध्या तीन आहेत. त्यामुळे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ओळखीतल्या कुणाचाही गिनी पिग आजारी पडला की फोन मला येतो. आणि दहातल्या सात फोनांचं पहिलं वाक्य एकच असतं: "ताई, परवापासून काहीच खाल्लं नाहीये त्याने."

परवापासून. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून आधी त्याच चुकीबद्दल सविस्तर लिहिते.

"उद्या बघू"

कुत्रा एक दिवस जेवला नाही तर फारसं बिघडत नाही. गिनी पिगचं तसं नसतं. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि ते चालतं गवताच्या धाग्यावर. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आत गॅस धरतो, गॅसने पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. उपास लांबला की यकृतात चरबी साचायला लागते. बारा तास काही खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन लावायचा, चोवीस तास वाट बघायची नाही. रविवार असला तरी, पाऊस असला तरी.

दुसरं म्हणजे हा जीव दुखणं लपवतो. रानात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो, म्हणून तो शेवटपर्यंत ठणठणीत असल्यासारखा वागतो. आपल्याला तो "आज जरा मलूल" वाटतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

माझा चिकू असाच गेला. जुलै महिना, रविवारची संध्याकाळ. फ्रीजमधून कोथिंबिरीची पिशवी काढली की नुसत्या आवाजाने तो घर डोक्यावर घ्यायचा. त्या दिवशीही ओरडला, धावत आला, काडी तोंडात धरली, दोनदा चावल्यासारखं केलं आणि खाली टाकली. मी दुसरी काडी दिली, तीही टाकली. पोट भरलं असेल म्हणून मी सोडून दिलं. सोमवारी ऑफिस होतं. संध्याकाळी परत आले तर तो कोपऱ्यात अंग फुगवून, पाठीला बाक काढून बसलेला. गवत जसंच्या तसं. खाली लेंड्या जवळजवळ नाहीतच, ज्या होत्या त्या बारीक आणि कडक, एका टोकाला निमुळत्या. भर पावसात ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. वजन केलं तेव्हा 790 ग्रॅम भरलं. दोन आठवड्यांपूर्वी तो 940 होता.

डॉक्टरांनी आतल्या दाढा तपासल्या. दाढेला टोक आलं होतं आणि ते जिभेत रुतत होतं. गिनी पिगचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. चिकू गवत कमी आणि काकडी जास्त खायचा, मी कौतुकाने द्यायचे. दाढा घासल्या, पण आतडं पुन्हा नीट सुरू झालंच नाही. गुरुवारी पहाटे तो गेला.

तेव्हापासून एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. गिनी पिग खाण्याकडे येतच नाही, तर पोट, ताप किंवा दुसरं काही दुखणं असू शकतं. पण तो ओढीने येतो, घास धरतो आणि टाकतो, तेव्हा त्याला भूक आहे, चावता येत नाहीये. अशा वेळी दाढा बघितल्याशिवाय दवाखान्यातून निघायचं नाही. पुढचे दात ठीक दिसले म्हणून मागचे ठीक असतात असं नाही.

आणि वजनकाटा घ्या. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा, त्यावर स्टीलचा डबा, डब्यात गिनी पिग. एरवी मी दर रविवारी वजन करते, आजारात रोज सकाळी एकाच वेळी, आणि आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेनाने लिहिते. पाचपंचवीस ग्रॅम इकडेतिकडे होतात. 50 ग्रॅम उतरलं की मी सावध होते, आणि वजनाच्या दहा टक्के उतरलं की निघते. मोबाइलमध्ये फोटो काढून "बारीक झालाय का?" असं विचारणाऱ्यांना मी काय सांगणार? एवढ्या केसांतून डोळ्याला काही कळत नाही, काट्याला कळतं.

घरातलं अँटिबायोटिक

ही चूक मी पाहिलेल्या सगळ्या चुकांत भयंकर आहे, कारण ती करणारा माणूस मायेने करतो.

घणसोलीच्या एका तरुणाचा फोन आला होता. गिनी पिगला सर्दी, नाकाशी ओलसर, श्वासाला घरघर. घरात लेकीचं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलं होतं. "लहान मुलांचंच औषध आहे ताई, अगदी दोन थेंब देतोय." मला फोन केला तेव्हा तिसरा दिवस होता आणि सर्दीचं तो काही विचारतच नव्हता. पातळ जुलाब लागले होते, कान गार पडले होते. त्याच रात्री ते पिल्लू गेलं. तो तरुण फोनवर रडत होता आणि माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गिनी पिगच्या आतड्यात चांगल्या जिवाणूंची अख्खी वस्ती असते, तीच गवत पचवते. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, पोटात दिलेलं एरिथ्रोमायसिन ही औषधं ती वस्ती उठवतात. रिकाम्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू माजतात आणि त्यांचं विष जीव घेतं. यात डोस कमी की जास्त हा प्रश्नच नाही, ती औषधंच चालत नाहीत. याच जिवाला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फासारखी, पण कोणतं आणि किती ते वजन बघून डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि तिथेही तोंड उघडा. कुत्र्या-मांजरांत आयुष्य घालवलेल्या चांगल्या डॉक्टरकडूनही सवयीने चुकीचं नाव लिहिलं जाऊ शकतं. माझ्या एका चिठ्ठीवर ते आलं होतं. मी विचारलं, "डॉक्टर, हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं तर नाही ना? गिनी पिगला चालेल?" त्यांनी पुन्हा बघितलं आणि बदलून दिलं. विचारल्याने कुणी रागावत नाही. रागावलं तरी चालेल.

म्हणूनच डॉक्टर आधी शोधून ठेवा, जनावर धडधाकट असताना. घराजवळच्या दवाखान्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा: गिनी पिग बघता का, दाढा तपासायचं साधन आहे का, आणि गरज पडली तर भूल देता का. "घेऊन या, बघू" एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. मी ठाणे, मुलुंड आणि वाशी असे तीन नंबर फ्रीजवर चिकटवले आहेत. रात्री अकरा वाजता परळच्या जनावरांच्या इस्पितळापर्यंत जायची तयारीही ठेवली आहे.

सिरिंजने भरवताना

डॉक्टर सांगतात, "हाताने भरवा", आणि माणसं घरी येऊन त्याला बाळासारखं उताणं धरतात आणि दहा मिलीची सिरिंज तोंडात रिकामी करतात. अन्न श्वासनळीत जातं, दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो, आणि मग ऐकायला मिळतं, "भरवत होतो तरी गेला."

भरवायच्या आधी पोटाला हात लावा. पोट मऊ असेल तर भरवा. ढोलकीसारखं टणक, ताणलेलं लागत असेल तर एक थेंबही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. तो पोटफुगीचा प्रकार असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात.

माझी पद्धत सांगते. मी जमिनीवर मांडी घालून बसते, कारण ओट्यावरून एकदा पडला की हाड मोडतं. जुन्या टॉवेलात त्याला पोळीच्या गुंडाळीसारखं गुंडाळते, डोकं तेवढं बाहेर, चारी पाय खाली टेकलेले. एक मिलीची सिरिंज घेते, टोक थोडं कापून कड घासून गुळगुळीत करते. पुढच्या दातांच्या मागे बाजूला मोकळी जागा असते, तिथून आडवी सरकवते. अर्धा मिली देते आणि थांबते. जबडा चक्कीसारखा आडवा फिरायला लागतो, गळा हलतो, मग पुढचा अर्धा मिली. एका वेळेला पंचवीस मिनिटं लागतात. ज्यांना पाच मिनिटांत उरकायचं असतं त्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं, हे मी मनापासून सांगते.

एक किलोच्या जिवाला दिवसभरात साधारण 50 ते 80 मिली लागतं, पाच-सहा वेळांत विभागून. म्हणजे रात्री दोनचा गजर लावावा लागतो. आजारी गिनी पिगला पाण्यात कालवून भरवायची रिकव्हरी पावडर मिळते, ती उत्तम, ती एक पाकीट घरात आधीच असू दे. नसेल तर टिमोथी नावाच्या गवताच्या खाद्यगोळ्या कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढा आणि गाळून घ्या, नाहीतर सिरिंज अडकते. नुसता भाज्यांचा रस किंवा बाळाचं फळांचं जेवण यात धागा नसतो, त्यावर आतडं चालत नाही. सेरेलॅक, दूध, दही, भाताची पेज यांतलं काहीही नको. "दह्याने पोट सुधारतं" हे माणसाचं, गिनी पिगचं नाही.

क जीवनसत्त्व पाण्याच्या बाटलीत टाकणं

आपल्यासारखंच गिनी पिगला क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. निरोगी असताना किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम रोज लागतं, आजारात त्याहून जास्त. कमी पडलं की सांधे सुजतात, हलवलं की किंचाळतो, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. बाटलीत थेंब टाकले की उजेडाने आणि पाण्याने त्यातला दम काही तासांत उतरतो. वर चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो. डॉक्टर सांगतील तेवढं थेट सिरिंजने द्या, आणि खात असेल तर ढोबळी मिरची द्या, लाल मिळाली तर बरं. पेरूची छोटी फोड चालते. दुकानात सुटं मिळणारं सशांचं खाद्य मात्र देऊ नका, त्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं.

आता बाकीच्या चुका.

पिंजरा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडची दमट हवा त्यांना सोसत नाही. त्यांना 18 ते 24 अंश मानवतं, तिशीच्या पुढे उष्माघात होतो, आणि आजारी असेल तर आधीच. लाईट गेली तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या हाताने पुसा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आजारी गिनी पिगला अंघोळ घालू नका. कितीही घाण झाला असला तरी ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडा करा.

लसूणघास स्वस्त मिळतो म्हणून मोठ्या गिनी पिगला रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होऊ शकतात. त्यापेक्षा हरळी-दूर्वा स्वच्छ धुऊन द्या. गणपतीत दारोदार जुड्या येतात, त्याही तीन पाण्यांनी धुऊनच.

लघवीत लाल दिसलं की "बीट खाल्लं असेल" म्हणून सोडू नका. बीट दिलं होतं का ते आठवा, दिलं नसेल तर निघा.

खाजवून खाजवून झटके येत असतील तर ती फिट समजून घाबरून बसू नका. बारीक किड्यांनीही तसं होतं आणि त्यावर चांगलं औषध आहे. कुत्र्याचं पिसवांचं औषध मात्र लावायचं नाही.

खायला लागला म्हणून औषध मध्येच बंद करू नका. आणि दुखण्याचं औषध अनावश्यक समजू नका, दुखणं थांबल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. पॅरासिटामॉल मात्र घरच्या घरी नको, दुखण्याचं औषधही डॉक्टरांकडूनच घ्या.

रिक्षातून नेताना मांडीवर उघडा नेऊ नका. झाकणाला भोकं असलेली टोपली, खाली टॉवेल, सोबत मूठभर गवत. आणि त्याचा जोडीदार असेल तर त्यालाही सोबत न्या. संसर्गाचा आजार नसेल तर घरीही वेगळं करू नका, मध्ये जाळी लावली तरी चालेल. एकट्या पडलेल्या आजारी गिनी पिगने खाणं सोडलेलं मी तीनदा पाहिलंय, आणि शेजारी दुसरा कुरुकुरु गवत खातोय हे ऐकून पुन्हा खायला लागलेलाही पाहिलाय.

शेवटची चूक सांगायला मला जड जातं. सगळं करूनही काही वाचत नाहीत. श्वासाला तोंड उघडायला लागला, अंग गार पडलं, मान धरवेना, की तोंडात सिरिंज घालणं थांबवा. डॉक्टर शांतपणे निरोप देण्याबद्दल बोलले तर त्यांचं ऐका. चिकूच्या शेवटच्या रात्री मी बारापर्यंत त्याला भरवत होते आणि तो तोंड फिरवत होता. ते तास मी त्याला नुसतं मांडीवर घेऊन बसायला हवं होतं. सकाळी त्याला टॉवेलात ठेवून त्याच्या जोडीदारणीच्या, बर्फीच्या पिंजऱ्यात ठेवलं. तिने नाकापासून पायापर्यंत हुंगलं, दहा मिनिटं शेजारी बसली, मग उठून गवताकडे गेली. आधीच्या वेळी मी जोडीदाराला न दाखवताच नेलं होतं, आणि मागे राहिलेला आठवडाभर घरटं धुंडाळत हाका मारत होता. बर्फीने एकदाही हाक मारली नाही.