ब्रेक लाईट विझतच नाही? वायरिंग फोडण्याआधी पेडलपाशी वाकून बघा

गाडीची ब्रेक लाईट कायम लागून राहिली आहे हे चालवणाऱ्याला सहसा कळतच नाही. ते कळतं कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला, शेजारचा दुचाकीवाला काचेवर टकटक करून "ओ दादा, मागची लाईट चालूच हाय की तुमची" म्हणतो तेव्हा. नाहीतर सकाळी चावी फिरवल्यावर स्टार्टर नुसता टकटक करतो तेव्हा. बहुतेक गाड्यांत ब्रेक लाईटला चावीची गरज नसते, करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट येतो. मागचे दोन साधे बल्ब २१-२१ वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. मागच्या काचेतला तिसरा दिवा वेगळाच. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबाने दहा तासांत रिकामी होते, आणि इंजिन फिरवण्याचा जोर त्याच्या बराच आधी संपतो.

बॅटरी परत चार्ज होईल, खरी भीती रस्त्यावरची आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पावसाधुक्यात मागच्याला तुमचे लाल दिवेच तेवढे दिसतात. ते सतत पेटलेले असले, तर तुम्ही खरोखर ब्रेक दाबलात हे त्याला कळणार कसं?

दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ असते. महाग पडते ती चुकीच्या टोकाकडून सुरुवात केल्यामुळे. डिकीतलं वायरिंग उघडून टेप सोडायला लागलं की अर्धा दिवस जातो, आणि दोष मात्र पुढे, पेडलपाशी असतो.

आधी बघा, दिवे नेमके केव्हा लागतात

संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीला करून उभी करा, म्हणजे लाल उजेड आरशात दिसतो. किंवा घरातल्या कुणाला मागे उभं करा. चावी काढलेली, सगळे दिवे बंद. आता काचेतला तिसरा दिवा बघा, कारण अर्धं निदान तोच करतो.

मागचे दोन्ही आणि तिसराही पेटलेला असेल, तर करंट मुळापासूनच येतोय. संशय ब्रेक स्विचवर, पेडलवर किंवा रिलेवर (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी). तिसरा बंद आणि खालच्यांपैकी एखादाच भगभगतोय, तोही पार्किंग लाईट लावल्यावरच, तर स्विचचा काही संबंध नाही. भानगड त्या टेललाईटच्या आतच आहे.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी जोरात मंदावत असेल आणि तेव्हा ब्रेक लाईट लागत असेल, तर तो बिघाड नाही, ती तशीच बनवलेली असते.

पेडलपाशी

चावी काढा, चाकाला दगड लावा, ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडा आणि मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाका. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

सगळ्यात आधी पायाखालचं मॅट बघा. त्यावर रबराचे किंवा ठिसूळ प्लास्टिकचे तुकडे पडलेले दिसले, तर चोर सापडला म्हणून समजा. पेडलच्या दांड्यावर वरच्या बाजूला एक छोटंसं रबरी बूच बसवलेलं असतं, गॅरेजमध्ये त्याला स्टॉपर म्हणतात. त्याच्यासमोर ब्रेक स्विच असतो. पेडल मोकळं असताना हे बूच स्विचची दांडी आत दाबून धरतं आणि दिवे विझतात. पाय दिला की बूच मागे सरकतं, दांडी बाहेर येते, दिवे लागतात. फ्रिजच्या दारातलं बटण असंच चालतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बूच वाळून फुटलं की तिथे नुसतं भोक उरतं, स्विचची दांडी त्या भोकातून आरपार जाते आणि गाडीला वाटतं की ब्रेक दाबलेला आहे. जपानी आणि कोरियन बनावटीच्या जुन्या गाड्यांत हे फार वेळा होतं.

मॅटवर काही नसलं तरी स्विचची दांडी बोटाने आत दाबा. दिवे विझले तर स्विच चांगला आहे, वायरिंगही चांगलं आहे. फक्त दांडीपर्यंत पेडल पोहोचत नाहीये. मग बुटाचं टोक पेडलखाली घालून ते हलकेच वर ओढा. ओढल्यावर दिवे विझतात आणि सोडल्यावर लागतात, तर पेडल पूर्ण मागे येत नाहीये किंवा स्विच सरकलाय. जाडजूड मॅट अडकलंय का, परतीची स्प्रिंग निसटली का, पेडल ज्यावर झुलतं त्या खिळीला गंज चढलाय का, हे बघा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल, तर खीळ आणि स्विचचं कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, दोन्ही जरा जास्तच बारकाईने तपासा. कपलरच्या पिनांवर हिरवी पूड दिसली की पाणी तिथवर आलं होतं.

इथे एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. थोडं चालवून आल्यावर एखाद्या चाकापाशी जळका वास येतोय, रिम इतरांपेक्षा जास्त तापलंय, गाडी ओढत नाहीये, असं असेल तर ब्रेक खरोखरच लागून राहिलेत. मग लाईट खरं तेच सांगतेय. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, मिस्त्रीला बोलवा.

दांडी दाबूनही दिवे विझत नसतील, तर स्विचचं कपलर काढा. काढताच विझले तर स्विच आतून चिकटलाय, बदलायचा. मल्टीमीटर असेल तर तो बीपच्या खुणेवर लावून खात्री करून घ्या: दोन पिनांच्या साध्या स्विचमध्ये दांडी आत असताना बीप येता कामा नये. चार पिनांच्या स्विचमध्ये दोन सर्किटं असतात आणि ती एकमेकांच्या उलट चालतात, तिथे गाडीच्या मॅन्युअलमधला नकाशा लागतो.

बूच आणि स्विच बसवताना

बूच उद्यमनगरात स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. शक्य असेल तर फुटलेले तुकडेच कागदात बांधून न्या. किंमत इतकी कमी की दुकानदार दोन घ्या म्हणेल, घ्याच. नवं बूच भोकात आतून ढकलून टक् असा आवाज येईपर्यंत बसवायचं. दुकान बंद असेल तर भोकात नट-बोल्ट आवळून घरी जाता येतं. पण तो नट ढिला होऊन पेडलमागे अडकला तर ब्रेकच दबणार नाही, म्हणून हा इलाज घरापर्यंतचाच. शिवाय लोखंडाच्या घासण्याने स्विचचं प्लास्टिकचं टोक झिजतं.

आट्यांचा स्विच असेल तर लॉकनट ढिला करा, स्विच बुचाला टेकेपर्यंत आत फिरवा आणि मग किंचित मागे घ्या. स्विचचा आट्यांचा भाग आणि बूच यांच्यात साधारण एक-दोन मिलिमीटर फट राहते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. दिवे विझावेत म्हणून स्विच जास्त आत रेटण्याचा मोह आवरा. तसं केलं तर पेडल कायम थोडं दबलेलं राहतं, आणि दिव्याचा दोष काढता काढता ब्रेक घासायला लागतात. अनेक नव्या गाड्यांत स्विच पाव फेरा फिरवून निघतो आणि बसवताना स्वतःच माप घेतो. काही मॉडेलमध्ये हे माप एकदाच घेता येतं, एकदा काढलेला जुना स्विच परत नीट बसत नाही.

टेललाईटच्या आत

दोन फिलामेंटचा २१/५ वॅटचा बल्ब काढून उजेडात धरा. एखादं फिलामेंट तुटून दुसऱ्याला चिकटलं असेल तर पार्किंगच्या करंटवर ब्रेकचं फिलामेंट पेटतं. या बल्बच्या बगलेतल्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली असतात, तरीही दामटून उलटे बसवलेले बल्ब बघायला मिळतात. बल्ब ठीक असेल तर होल्डरचा अर्थिंगचा जोड घासून साफ करा. बाहेरून लावलेल्या एलईडी पट्ट्या किंवा ट्रेलरचं वायरिंग असेल तर आधी तेच सोडवून बघा.

कपलर काढूनही विझत नसेल तर

आता मात्र वायरमनचं काम. वायर कुठेतरी सोलून करंटच्या वायरीला लागली असेल किंवा रिले चिकटला असेल. तसाच दुसरा रिले अदलाबदल करून बघणं घरीही जमतं. नव्या गाड्यांत स्विचचा निरोप कंप्युटरकडे जातो आणि दिवे तो लावतो. त्यातल्या काहींत कपलर काढल्यावर निरोप हरवला म्हणून तो दिवे मुद्दाम चालूच ठेवतो. अशा गाडीत स्कॅनर लावून ब्रेक स्विचची स्थिती वाचून घ्यावी, अंदाजाने स्विच बदलू नये. ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ब्रेक न दाबता पार्किंगच्या 'पी'मधून निघत असेल, किंवा बटणाची गाडी ब्रेकशिवाय सुरू होत असेल, तर तेही वायरमनला सांगा.

दुरुस्ती उद्यावर गेली तर रात्री ब्रेक लाईटचा फ्यूज काढून ठेवा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर 'स्टॉप' लिहिलेला असतो तोच. गाडी रस्त्यावर काढण्याआधी तो परत बसवायचा, कारण फ्यूज नसला तर ब्रेक दाबूनही मागे अंधारच. विसरू नये म्हणून काढलेला फ्यूज गाडीच्या चावीला चिकटपट्टीने लावून ठेवा.