डेस्कटॉपची रॅम वाढवताय? पैसे देण्याआधी या चुका टाळा

रॅम बसवणं हे डेस्कटॉपमधलं सगळ्यात सोपं काम. क्लिप उघडायची, स्टिक दाबायची, झालं. घोळ होतो तो खरेदीत. ‘१६ जीबी द्या’ एवढंच सांगून आणलेली स्टिक कधी स्लॉटमध्ये बसतच नाही, बसली तर डिस्प्ले येत नाही. आणि सगळं जमून आलं तरी ती कमी वेगाने चालत राहते, त्याचा पत्ता कुणाला लागत नाही.

गरज नसताना रॅम घेणं

नेहमीची सगळी कामं उघडी असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी पाहा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. ८ पैकी ५ जीबीच वापरात असताना मशीन रखडत असेल, तर संशय जुन्या हार्ड डिस्कवर घ्या. तिथे एसएसडीने जो फरक पडेल, तो रॅमने पडणार नाही.

प्रोसेसरच्या नावावरून रॅम ठरवणं

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना २८८ पिना. लांबीही सारखीच, म्हणून फसगत होते. मधली खाच मात्र थोडी सरकलेली असते. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटेल. डीडीआर३ ला २४० पिना असतात आणि ती या दोन्हींत चालत नाही.

इंटेलचे १२व्या ते १४व्या पिढीचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण मदरबोर्डावर सहसा एकाच प्रकारचे स्लॉट असतात. त्यामुळे मदरबोर्डाचं पूर्ण मॉडेल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एएमडीकडे भानगड कमी: प्रोसेसरचं सॉकेट एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. छोट्या डब्यातले डेस्कटॉप आणि ऑल-इन-वन यांत बऱ्याचदा लॅपटॉपची आखूड स्टिक लागते, तेव्हा आधी झाकण उघडून बघा.

जुन्या स्टिकचं लेबल नीट वाचलं तर निम्मे प्रश्न सुटतात. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या लेबलवर ‘पीसी४-२४००टी-यूए२’ अशासारखा मजकूर असतो. वेगाच्या आकड्यानंतर येणारं ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉप स्टिक, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आणि ‘आर’ म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड. सेकंडहँड बाजारात १६ आणि ३२ जीबीच्या स्टिका फारच स्वस्त दिसल्या, तर त्या बहुधा ‘आर’वाल्या असतात. त्या साध्या बोर्डात बसतात, पण मशीन सुरूच होत नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी ४ जीबीची डीडीआर३ स्टिक इंटेलच्या बोर्डात घालू नका.

एकच मोठी स्टिक किंवा चारही स्लॉट भरणं

१६ जीबी हवी असेल तर ८ च्या दोन घ्या. दोन चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधले रस्ते) मिळाले की मेमरीची बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, दुप्पट होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिका बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात (ए२ आणि बी२). शेजारी-शेजारी घातल्या तर एकच चॅनेल चालतो.

उलट टोकाची चूक डीडीआर५ मध्ये होते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची अधिकृत वेगमर्यादा दोन स्टिकांना ५२००, चार स्टिकांना मात्र ३६००. म्हणून ३२ जीबीसाठी १६ च्या दोनच घ्या.

जुन्या ८ जीबीबरोबर दुसऱ्या कंपनीची ८ जीबी लावली तर बहुधा चालते, वेग मात्र दोघींत जी मंद तिचा. ८ सोबत ४ लावली तर इंटेलच्या बोर्डावर साधारणपणे ४ आणि ४ जीबी दुहेरी चॅनेलमध्ये जातात, उरलेले ४ एकेरीत. अगदी त्याच मॉडेलची दुसरी जोडी आणली तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. जास्त वेगाची रॅम हवी असेल तर एकाच पाकिटातली जोडी घ्या.

मोठ्या आकड्याला भुलणं

रॅमचा विलंब (मागितलेला डेटा मिळायला लागणारा वेळ) काढायचा हिशेब सोपा: सीएल या विलंबाच्या आकड्याला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८, तेही १०. ३२०० सीएल२२ म्हणजे पावणेचौदा. ३६०० ची बँडविड्थ जास्त असते हे खरं, पण विलंबात काहीच कमाई नाही.

बोर्ड तो वेग देतो का, हेही बघा. कोअर आय५-१०४०० आणि बी४६० चिपसेट असेल तर ३६०० ची रॅमसुद्धा २६६६ वरच थांबते. ही अडवणूक इंटेलने बी५६० मध्ये काढली. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (बोर्डाची मूळ सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, बहुधा नसतेच, तिथे साधी ३२०० सीएल२२ घ्यावी. दिव्यांच्या माळा लावलेली उंच स्टिक तर कूलरखाली मावेलच असं नाही. साधी स्टिक साधारण ३१ मिलिमीटर उंच असते.

बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या एएम५ बोर्डांवर एक्सपो) चालू करा. नाहीतर ३६०० ची स्टिक २१३३ किंवा २६६६ वर पडून राहते. वेग दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं म्हणून घाबरू नका, ३२०० चं निम्मं तिथे दिसतं.

बसवल्यावर अडलं तर

डिस्प्ले नाही: वीज काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. स्टिका काढून पुन्हा दाबा, दोन्ही टोकं पक्की बसायला हवीत. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं. मग ए२ मध्ये एकच स्टिक ठेवून सुरू करा, तरीही नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीला आणा. डीडीआर५ वर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, त्या वेळी वीज तोडू नका. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिका घ्यायच्या असतील तर जुनी रॅम काढण्याआधीच बायोस अद्ययावत करून घ्या.

१६ घालून ८ दिसतेय: आधी बायोसमध्ये दोन्ही स्टिका दिसतात का पाहा. दिसत असतील तर विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण राहिली असेल, ती काढा. ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या आतच दिसणार. बायोसमध्येच एक स्टिक गायब असेल आणि स्टिका अदलाबदल करूनही तोच स्लॉट रिकामा दिसत असेल, तर प्रोसेसर सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा वाकडा कसलेला कूलर तपासा.

मधेच निळा पडदा: रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमचे चार फेरे पूर्ण चालवा. एकही चूक आली तरी ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मग एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. चुका थांबल्या तर स्टिक बहुधा ठीक आहे, वेग झेपत नाही. तो एक पायरी खाली आणा. थांबल्या नाहीत तर एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये तपासा. एकाच स्टिकवर चुका आल्या तर ती बदलून घ्या, दोन्हींवर आल्या तर तीच तपासणी दुसऱ्या स्लॉटमध्ये करून बोर्डाकडे वळा.