मानववंशशास्त्रात एम.ए. करताय? निदान या चुका तरी टाळा

मानववंशशास्त्राच्या एम.ए.चे प्रबंध मी बरीच वर्षं वाचतोय. दरवर्षी मुलं नवी, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडते ती ही: फील्ड नोट्स, म्हणजे लोकांमध्ये राहून जे दिसलं-ऐकलं त्याच्या नोंदी, 'नंतर लिहू'. मीही केली आहे. प्रबंधासाठी एका कुटुंबात राहत होतो. एका संध्याकाळी दोन भावांची घराच्या वाटणीवरून बैठक बसली. रेकॉर्डर चालू होता, म्हणून मी निर्धास्त. नोट्स रविवारी लिहू म्हटलं. रविवारी ऐकतो तर चौघं एकदम बोलतायत, मध्येच भांडी वाजतायत. आणि त्यांची बहीण रेकॉर्डिंगमध्ये नाहीच! ती अख्ख्या बैठकीत एक शब्द बोलली नव्हती, मधेच उठून आत गेली होती. सहीचा कागद पुढे आल्यावर गेली, की त्याआधीच? काही केल्या आठवेना. वारसाहक्कावरचं माझं प्रकरण नेमकं त्यावरच उभं राहणार होतं. मी लिहिलं, 'वातावरण तणावपूर्ण होते.' मार्गदर्शक बाईंनी त्याभोवती लाल गोल काढून बाजूला लिहिलं, 'कशावरून?' प्रकरण शेवटी गाळावं लागलं.

तेव्हापासून खिशात छोटी वही असते. जागेवर दोन-चार शब्द, आणि झोपण्याआधी पूर्ण नोट. ती लिहून होईपर्यंत कोणाला काही सांगत नाही. एकदा सांगितलं की घटनेची गोष्ट होते, आणि मग वहीत ती गोष्टच उतरते. दिसलं-ऐकलं ते उजव्या पानावर, माझी चिडचिड डाव्या. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीनेही पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवरची आपली चिडचिड खासगी डायरीत ठेवली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, १९६७ मध्ये छापली गेली आणि गहजब झाला. तुमची कोणी छापणार नाही, बिनधास्त लिहा.

हल्ली मुलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला देतात आणि जे छापून येईल त्याला डेटा म्हणतात. त्या बहिणीचं गप्प बसणं कोणतं सॉफ्टवेअर टाइप करून देणार?

बाकी किरकोळ. एथिक्स कमिटीकडे परवानगी मागायची वेळ म्हणजे फील्डवर निघायचा आठवडा नव्हे. दहा मुलाखती म्हणजे एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांत राहून केलेला अभ्यास, नव्हे. आणि मालिका बघून फॉरेन्सिकला (हाडांवरून ओळख पटवायच्या शाखेला) आलेल्यांनो, प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. हातात तुकडा आला तरी कुठल्या हाडाचा, डावा की उजवा, हे सांगता येईपर्यंत खुनी शोधायची घाई नको.

दुसरी मोठी चूक नोकरी शोधताना. 'मानववंशशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसतात, ती सापडत नाही, मग विषयालाच शिव्या. विद्यापीठं आणि संग्रहालयं सोडली तर हा शब्द जाहिरातीत क्वचितच येतो. कामं असतात ती यूजर रिसर्च, सार्वजनिक आरोग्य, प्रकल्पांचं सामाजिक परिणाम मूल्यांकन अशा नावांनी. १९८० च्या दशकात ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात हेच करत होत्या: कॉपी मशीनपुढे भलेभले कुठे अडकतात, ते बघणं.

माझ्या एका विद्यार्थिनीने सीव्हीत लिहिलं होतं, 'वैद्यकीय मानववंशशास्त्राचा सखोल अभ्यास.' मी विचारलं, "म्हणजे केलंस काय?" म्हणाली, "सर, सहा आठवडे दवाखान्याच्या नोंदणी खिडकीपाशी बसले. फॉर्मच्या तिसऱ्या रकान्याशी लोक थांबायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे." म्हटलं, मग हेच लिही की. तिने लिहिलं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: तिसऱ्या रकान्यात होतं काय?